जे हसू ओठांवर नव्हतंच

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी ‘अविश्वसनीय निवेदक’ हा मुद्दा मांडत होते. एका ज्युनिअरनं विचारलं, “ताई, फोटोलाही निवेदक असतो का?” तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

२८ मे २०२३. नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीपटूंना दिल्ली पोलिसांनी ताब्यात घेतलं. बसमधला विनेश आणि संगीता फोगाट यांचा सेल्फी दोन रूपांत फिरला. मूळ फोटोत चेहरे गंभीर आहेत, दुसऱ्यात दोघी छान हसतायत. ते हसू अ‍ॅपनं चिकटवलेलं होतं. आता यात अश्लील काय? काहीच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तक्रार लैंगिक छळाची होती. तक्रार करणारी हसताना दिसली की तक्रारच नाटक ठरते. निवेदकानं पात्राच्या तोंडी एक शब्दही घातला नाही, फक्त ओठांचे कोपरे वर केले! विनेश पुढे २०२४ मध्ये आमदार झाल्या.

आवाजाचंही तेच. १९ नोव्हेंबर २०२४ ला, महाराष्ट्रातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी, बिटकॉइनबद्दलच्या ऑडिओ क्लिप्स आल्या. सुप्रिया सुळे म्हणाल्या, हा आवाज माझा नाही. त्यांनी तक्रारही केली. चुलतभाऊ अजित पवार मात्र म्हणाले, आवाज ओळखीचा आहे. तथ्य-पडताळणीत क्लिप्स कृत्रिम असण्याची शक्यता दिसली, पण मतदान तर सकाळीच होतं. २०२१ च्या आयटी नियमांत तेव्हा तक्रारीनंतर मॉर्फ केलेला फोटो हटवायला २४ तास दिले होते. तेवढ्यात शाई वाळलेली असायची.

कधी तर अ‍ॅपही लागत नाही. नेहरू आणि त्यांची बहीण विजयालक्ष्मी पंडित यांचा फोटो नातं लपवून फिरवला गेलाच की.

आमच्याकडे, बालाघाट जिल्ह्यात, माझी मावशी २०२२ मध्ये पंचपदासाठी उभी होती. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे घरात उत्साह होता. मग लग्नातला एक फोटो ग्रुपवर आला: मावशी आणि तिच्या खांद्यावर एका पुरुषाचा हात. बाकी सगळे कापलेले. तो हात माझ्या मामाचा, तिच्या सख्ख्या भावाचा होता.

मी म्हटलं, मावशी, पूर्ण फोटो टाक ना ग्रुपवर. ती म्हणाली, “टाकला तर अजून चार जण तो कापलेला शोधून बघतील.”

तिच्या पॅम्फ्लेटवर मग फक्त नाव आणि चिन्ह छापलं गेलं.