इंजिन चालते, पण मशीन जागचे हलत नाही

गवत कापण्याचे सीटवाले छोटे ट्रॅक्टर आता गोल्फच्या मैदानांवर, रिसॉर्टमध्ये आणि मोठ्या फार्महाऊसवर दिसू लागले आहेत. आखाती देशांत काम करून आलेल्या आमच्या काही कारागीर बांधवांना ते ठाऊक आहेतच. बाकीच्यांच्या गॅरेजात असे मशीन आले की पंचाईत होते. इंजिन उत्तम चालते, पेडल दाबले तर चाक फिरत नाही, आणि गिअरचा दांडा शोधावा तर तो मुळी नसतोच! मग 'आतला डबा गेला' असे सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. आज याच दुखण्याविषयी लिहीत आहोत, कारण हा डबा फार महाग येतो आणि दोष पुष्कळदा डब्याच्या बाहेर असतो.

या मशीनला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते. इंजिनवरून पट्ट्याने, काही जुन्या मशीनमध्ये शाफ्टने, एक पंप फिरतो. पंपातील लहान पिस्टन एका तिरप्या तबकडीवर टेकलेले असतात. पेडल दाबले की तबकडीचा कल बदलतो, पंप तेल ढकलू लागतो आणि त्या तेलाच्या जोरावर मोटर फिरून चाकाला गती देते. कल जास्त तर वेग जास्त, कल उलटा तर मशीन मागे. तबकडी सपाट असली की पंप फिरतो, पण तेल ढकलत नाही. अमेरिकेत कब कॅडेटच्या बागेच्या ट्रॅक्टरला ही रचना १९६०च्या दशकाच्या मध्यावर आली. तत्त्व आजही तेच आहे.

हत्यारे काढण्यापूर्वी एक मिनिटाची परीक्षा करावी. इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, सपाट जागा. आता मशीन हाताने ढकलून पाहा. डबा ठीक असेल तर ते जड लागते, कारण आतले तेल चाकाला अडवते. ढकलताना जड, पण इंजिनवर हलत नाही, तर शक्ती डब्यापर्यंत पोचतच नाही असे समजावे: पट्टा किंवा पेडलचा जोड पाहा. उलट मशीन हातगाडीसारखे सहज सरकले, तर बायपास उघडा आहे, चाकाची चावी गेली आहे, किंवा आतली झीज पराकोटीची आहे.

बायपास म्हणजे मशीन ढकलता यावे म्हणून दिलेली तेलाची पळवाट. तिचा छोटा दांडा बहुधा मागच्या बाजूस असतो. माळ्याने मशीन शेडमध्ये ढकलत नेले, दांडा ओढलेलाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला निरोप! दांडा जागेवर असला तरी त्याची सळई निसटली नाही ना, हेही पाहावे.

पट्ट्याकडे नुसते वरून बघू नये. कडा गुळगुळीत चकाकत असतील तर तो घसरतो. ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग तुटलेली असू शकते, किंवा तिच्या बुशमध्ये गवत आणि माती बसून ती अडकलेली असते. इंजिन चालू असताना डब्यावरची पुली फिरते का, हे हात दूर ठेवून पाहावे. पुलीवर पंखा असतो. त्याची पाती मोडली असतील किंवा डब्यावर वाळक्या गवताचा थर असेल, तर तेल तापते आणि पुढचे दुखणे ओढवते. जोडीला पेडलपासून डब्याच्या आर्मपर्यंतची सळई आणि तिचा बोल्ट तपासावा. पेडल खाली जाते म्हणजे आर्म हलला, असे धरून चालू नये.

आता चावीविषयी, कारण इथे आम्ही स्वतः तोंडघशी पडलो आहोत. एका रिसॉर्टचे मशीन आले. पट्टा नवा, तेल ठीक, बायपास बंद. तरी हालचाल शून्य. आम्ही 'डबा बदला' असे सांगून टाकले. खर्च ऐकून मालक मशीन भंगारात काढायला निघाले. शेवटी चाके काढताना आमच्याकडच्या शिकाऊ पोराने दाखवले की डाव्या आक्सलच्या खाचेत चावीच नाही! टोकाची क्लिप निघाली होती, चाक बाहेर सरकले होते आणि चौकोनी लोखंडी तुकडा गवतात कुठेतरी पडला होता. आमची समजूत अशी की एक चावी गेली तरी दुसरे चाक ओढेल. पण मध्ये डिफरेन्शियल असते. मोकळा आक्सल हबमध्ये नुसता गरगरतो आणि भार असलेले चाक उभे राहते. म्हणून आक्सलच्या टोकावर आणि हबवर मिळून खडूची एक रेघ ओढावी. रेघ तुटली की चोर सापडला. पाऊण इंची आक्सलला तीन सोळांश इंचाची चौकोनी चावी लागते. खिळा कापून ठोकू नये, तो कापला जातो आणि खाचही खराब करतो.

एवढे सगळे ठीक असेल तर तेलाकडे वळावे. इथे आपल्याकडची एक सवय घात करते: गिअरबॉक्स म्हटले की ९० नंबर. या पंपाला ते चालत नाही. कित्येक डब्यांना २० डब्ल्यू ५० इंजिन ऑइल लागते, काहींना १० डब्ल्यू ३०, काहींना कंपनीचे खास तेल; मॉडेलचे पुस्तक पाहूनच घालावे. दुधाळ तेल म्हणजे पाणी, फेसाळ म्हणजे हवा. टफ टॉर्कच्या के ४६ सारख्या डब्याला तेल सोडण्याचा बोल्टच नसतो. डबा उतरवून उपडा करावा लागतो.

तेल बदलल्यावर आत राहिलेली हवा काढली नाही, तर चांगला डबाही हलत नाही. पुढच्या चाकांना अडण लावून मागची चाके उचलावीत, मशीन भक्कम ठोकळ्यांवर बसवावे, कापण्याची पाती बंद ठेवावीत. बायपास उघडा ठेवून, इंजिन मंद चालवून पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबावे, दर वेळी पाचेक सेकंद धरावे. मग बायपास बंद करून तेच पुन्हा करावे. तेल उतरले तर भरावे. सीटखालच्या स्विचला तार बांधून हे काम करू नये. तो स्विच माणसाचा जीव वाचवण्यासाठी दिलेला असतो.

राहिली आतली झीज. तिची खूण अशी: सकाळी थंड मशीन चढ चढते, अर्ध्या तासाने तेल तापून पातळ झाले की त्याच चढावर दम सोडते. काही जण जाड तेल घालून मशीन 'बरे' करून देतात. ते थोडे दिवस चालते, मग गिऱ्हाईक परत येते किंवा दुसऱ्याच्या दुकानात जाते. आम्ही आता मालकासमोर गरम मशीन चढावर चालवून दाखवतो आणि डब्याचा भाव त्यानंतरच सांगतो. बाहेरचे तपासण्याचे पैसे मात्र आधी ठरवून घेतो, मग दोष चावीत निघो की डब्यात.

मशीन गॅरेजात आणायचे असेल तर मालकाला फोनवरच सांगावे, की बायपास उघडल्याशिवाय ओढू नका, आणि उघडूनही चार पावलांवरच्या टेम्पोपर्यंतच, हळू ढकला.