धडा सातवा : पूर ओसरल्यावर घर कशाच्या बळावर उभे राहते?

१ डिसेंबर २०१५. महिनाभर पावसाने भिजलेल्या चेन्नईवर त्या दिवशी पुन्हा धो धो पाऊस कोसळला. चेंबरम्बाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदी काठ ओलांडून सैदापेट, कोट्टूरपुरम, मुडिचूर भागातल्या घरांत शिरली. विमानतळही काही दिवस बंद राहिला. मी तेव्हा या शहरात बँकेत नुकताच रुजू झालो होतो. शाखा उघडली तेव्हा रांगेतल्या अनेकांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओले पासबुक होते.

पुढे सरकारी मदत खात्यांत जमा होऊ लागली. झोपडी गेलेल्या कुटुंबाला १०,००० आणि पक्क्या घरात पाणी शिरलेल्यांना ५,००० रुपये अशी ती मदत होती. तेव्हा आलेल्या एक बाई मला अजून आठवतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मदत जमा झाली होती, पण खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर, दोन वर्षांहून अधिक काळ न वापरलेले, म्हणून निष्क्रिय. नवरा कामासाठी परगावी. केवायसीचे कागद पाण्यात गेलेले. पैसे संगणकावर दिसत होते, त्यांच्या हातात देता येत नव्हते. सगळे कागद पुन्हा जमवून रक्कम मिळेपर्यंत त्यांनी व्याजाने पैसे उचलले होते.

घर उभे करायला पैसा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो वेळेवर हातात येईल की नाही, हे मात्र पूर येण्याआधी आपण काय करून ठेवले यावर ठरते. या धड्यात तेवढेच शिकायचे आहे.

पैसा चार वाटांनी येतो

१. सरकारी मदत. २. विमा. ३. स्वतःची बचत. ४. कर्ज.

बहुतेक लोक पहिल्या वाटेवर विसंबतात आणि शेवटी चौथ्या वाटेवर जाऊन पोहोचतात. मधल्या दोन वाटा आपल्या हातात असतात, पण त्यांची तयारी आधीच करावी लागते.

हिशेब करून पाहू

समजा, तुमचे घर ४०० चौरस फुटांचे आहे आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये येतो. पुन्हा बांधायला ८,००,००० रुपये लागतील.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली असेल, तर ६,५०० रुपये. म्हणजे पूर्ण पडलेल्या घरासाठीही ६,८०,००० रुपये कमी पडतात.

ही सगळी तूट ९ टक्के व्याजाच्या १५ वर्षांच्या कर्जाने भरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,९०० रुपये येतो आणि एकूण परतफेड १२,४०,००० रुपयांच्या वर जाते. आता आपल्या घराचे आकडे घालून हाच हिशेब वहीत मांडा. सरकारी मदत हा आधार आहे, घराची किंमत नव्हे, हे लगेच लक्षात येईल.

विमा : कोणता आणि कशाचा?

१ एप्रिल २०२१ पासून घराचा विमा करणाऱ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे या सगळ्यांपासून तिच्यात संरक्षण आहे. विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जमिनीची किंमत त्यात धरू नका. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. दागिन्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. वर उदाहरणात घेतलेल्या घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे काहीशे रुपयांत बसतो. नेमका आकडा दोन-तीन कंपन्यांकडे विचारा.

इथे दोन गैरसमज वारंवार दिसतात.

पहिला : “गृहकर्जाबरोबर विमा काढलाय, म्हणजे घर सुरक्षित आहे.” पॉलिसी बाहेर काढून वाचा. अनेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. भिंत पडली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

दुसरा : “मी भाड्याने राहतो, मला विमा कशाला?” घरमालकाच्या पॉलिसीत तुमची शिलाई मशीन, फ्रिज, कपाट येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडून सोने गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी दक्षिणेत आलेली आपली कितीतरी कुटुंबे इथे भाड्याने राहतात आणि गावीही घर राखून असतात. त्यांनी इथल्या सामानाचा आणि गावच्या घराचा, असा दोन्हीकडचा विचार करायला हवा. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो.

पाणी ओसरल्यावर घाईने सगळे धुऊन टाकू नका. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू जपून ठेवा.

बचत : मोडता येईल अशी ठेवा

पूर आला की पहिल्या पंधरा दिवसांचा खर्च बचतीतूनच होतो. म्हणून ५०,००० रुपयांची एकच मुदत ठेव करण्यापेक्षा १०,००० च्या पाच करा. गरज पडली तर एकच मोडावी लागेल, बाकीच्यांवरचे व्याज चालू राहील. सुरुवात महिन्याच्या ५०० रुपयांच्या आवर्ती ठेवीने केली तरी चालते.

घरात रोकड थोडीच ठेवा. नोटा भिजल्या तर चिकटपट्टी लावू नका, इस्त्री करू नका. सावलीत वाळवून शाखेत आणा, खराब व फाटलेल्या नोटा नियमानुसार बदलून मिळतात. लॉकर सोयीचा आहे, पण नैसर्गिक आपत्तीत आतल्या वस्तूंचे नुकसान झाले तर सहसा बँक भरपाई देत नाही, हेही ठाऊक असू द्या.

कर्ज : आधी बँकेत या

आपत्ती जाहीर झाली की रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाधित भागातल्या कर्जांची पुनर्रचना करता येते. हप्ता पुढे ढकलला जातो किंवा मुदत वाढते. ही माफी नाही, व्याज चालूच राहते. तरीही हप्ता थकू देण्यापेक्षा वेळेत अर्ज करणे केव्हाही चांगले.

सावकाराचा ‘शेकडा तीन’ ऐकायला लहान वाटतो. तो महिन्याचा दर असतो, वर्षाचा होतो ३६ टक्के. इथे त्याला कंदुवट्टी म्हणतात आणि जबर व्याजाविरुद्ध तमिळनाडूत २००३ पासून कायदा आहे. घरात सोने असेल तर बँकेचे सोनेतारण कर्ज त्याहून कितीतरी स्वस्त पडते.

घरासाठीचा पैसा अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीची मदतही अशीच हप्त्यांनी दिली गेली. पहिला हप्ता जुनी उधारी फेडण्यात गेला, तर काम अडते आणि पुढचा हप्ताही अडतो. घराच्या पैशाला वेगळे खाते ठेवा.

कागद आणि नाव

२०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळानंतर चेन्नईत ६,००० रुपयांची मदत रोख आणि रेशन दुकानातून मिळाली. २०१५ मध्ये बँक खाते लागले होते, या वेळी रेशन कार्ड. पुढच्या वेळी काय लागेल हे कुणी सांगावे? म्हणून दोन्ही तयार हवीत.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने दिलेली नवी घरे पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचे धोरण ठेवले होते. आपल्या खात्यालाही तोच नियम लावा. ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीचे संयुक्त खाते असते, तर त्या बाईंना नवऱ्याची वाट पाहावी लागली नसती.

या आठवड्यात करायच्या पाच गोष्टी

१. खात्यात पत्नीचे किंवा पतीचे नाव जोडा, वारसनोंद तपासा.
२. न वापरलेले खाते असेल तर केवायसी देऊन चालू करून घ्या.
३. घराचे कागद, घरपट्टीची पावती, आधार, रेशन कार्ड, पॉलिसी यांचे फोटो काढून गावच्या नातेवाइकाकडेही पाठवा. जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे घ्या.
४. घरातल्या प्रत्येक खोलीचा एक फोटो काढून ठेवा. दाव्याच्या वेळी तो पुरावा ठरतो.
५. घराचा विमा आहे का, तो घराचा आहे की माणसाचा, हे पॉलिसी वाचून तपासा.

पाचही कामे मिळून दोन दुपारच्या वर वेळ लागणार नाही. पहिल्या दोन कामांसाठी शाखेत या. पासबुक कोरडे असतानाच या.