पांझरेचे बंधारे व यार्देनेतील धोंडे

उपदेशक व खेड्यांतील मंडळ्यांसाठी धडा. शास्त्रवाचन : यहोशवा, अध्याय ४.

वाचकहो, इस्राएल लोक यार्देन उतरून गेले तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगाल येथे उभे केले, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ते धोंडे शोभेसाठी नव्हते. पुढे मुलांनी विचारावे व बापांनी सांगावे, यासाठी ते होते. आपल्या गावच्या धोंड्यांविषयी आपल्या मुलांनी विचारले, तर आपण काय सांगू?

प्रथम आपला प्रदेश पाहू. खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व पश्चिमेस सह्याद्री आहे. मधून तापी वाहते. ती मुलताईजवळ उगम पावते व सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई, आणि उत्तरेकडून सुकी, अनेर व गोमाई या नद्या तिला येऊन मिळतात. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांसच पुढे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सरकारी सीमा अशा बदलत गेल्या, तरी गावांचे जीवन नद्यांशीच बांधलेले राहिले.

पांझरेकाठी याचे उत्तम उदाहरण आहे. साक्री तालुक्यापासून खाली या नदीवर दगडी बंधारे बांधलेले असून त्यांतून पाट काढले आहेत. ही रीत तीनचारशे वर्षांची असावी, असे अभ्यासक मानतात. पाटाखालील जमिनीचे मोठे भाग पाडतात, त्यांस फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व पुढील वर्षी ते बदलावयाचे. बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी आले व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकावर न पडता सर्वांवर पडतो. पाटकरी पाणी देतो, जागल्या पीक राखतो, आणि पाटातील गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा असतो. विहिरी व पंप वाढल्यापासून पुष्कळ ठिकाणी ही रीत मोडत चालली आहे. तरी एकमेकांची ओझी वाहणे म्हणजे काय, हे शिकवावयास उपदेशकास याहून जवळचा दाखला मिळणार नाही.

परंतु येथे थांबू नये. पाणी मिळे ते जमीनधारकास. ज्याला जमीन नाही, त्याला फडात वाटा नव्हता. मग दगड कोणी फोडले, माती कोणी वाहिली? त्यांची नावे कोठे आहेत?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरे शोधीत. १९२६ साली धुळे येथे त्यांचा अंत झाला व १९२७ साली तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. या कार्याचे मोल मोठे आहे. पण दप्तर असते ते वतनदाराच्या घरी. मजुराच्या झोपडीत दप्तर कोठून असणार? अमेरिकेतही असेच झाले. तेथे १७८५ च्या कायद्याने सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन मोजून त्यांचे ३६ भाग केले, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखला. ही दूरदृष्टी खरीच. पण ज्या मूळ लोकांची ती भूमी होती, त्यांना त्या नकाशात जागा राहिली नाही.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे अशाच बिननावाच्या लोकांतून आली आहेत. कित्येक तरुण म्हणतात, "आमचा इतिहास बाप्तिस्म्यापासून सुरू झाला." नवा जन्म तेथून झाला, हे सत्य आहे. पण आपल्या आजोबांचे श्रम देवाच्या दृष्टीआड नव्हते, आणि त्यांची लाज वाटू देणे हा विश्वास नव्हे. त्यांची हकीकत वृद्धांच्या आठवणीतच आहे. एकेक वृद्ध निजला म्हणजे एकेक दप्तर जळाले असे समजावे.

म्हणून उपदेशक बंधूंनी या महिन्यात एक वही करावी व मंडळीतील आजीआजोबांजवळ बसून पुढील प्रश्न विचारावे :

१. आपले घराणे या गावी कोठून व का आले?
२. गावचा बंधारा, विहीर, रस्ता यांवर आपल्यापैकी कोणी काम केले?
३. कोणत्या विहिरीवर आपणांस पाणी भरू देत नसत? ते केव्हा व कसे बदलले?
४. दुष्काळात कोणी कोणास साहाय्य केले?
५. प्रभूचे वचन प्रथम कोणी आणले, व ते कोणत्या झाडाखाली किंवा ओट्यावर ऐकले?

उत्तरे सांगणाराच्या शब्दांतच लिहावी. सुखाची लिहावी तशी दुःखाचीही लिहावी. मात्र कोणाविषयी मनात वैर धरून लिहू नये. मग एका रविवारी उपासनेनंतर ती वही मुलांस वाचून दाखवावी. आपले बारा धोंडे अजून पात्रातच आहेत. पाणी चढण्यापूर्वी ते उचलून घेऊ या.