धरसोड्या म्हणोत, पण लिही

जामबाग, हैदराबाद

चि. समीर यास,


पत्र पोचलं. औषधकंपनी, विमा, शाळा आणि आता हॉटेल, एवढं करून तुला कादंबरी लिहायची आहे, आणि घरात सगळे तुला धरसोड्या म्हणतात. त्यांचा राग धरू नकोस, त्यांना तुझ्या पोटापाण्याची काळजी आहे. पण नोकऱ्या बदलल्याची लाजही बाळगू नकोस.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते पोट भरायला. हमाली केली, गिरणीत राबले, मग शाहिरी. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. भाऊ पाध्ये कामगार चळवळीत होते, शाळेत शिकवलं, गिरणीत नि आयुर्विम्यात नोकरी केली, मग वर्तमानपत्रात गेले. ‘वासूनाका’ त्यानंतरची, १९६५ची. आपल्याकडचंच बघायचं तर पी. व्ही. नरसिंह राव. वकिली, चळवळ, मुख्यमंत्रिपद, पंतप्रधानपद, आणि ‘द इनसायडर’ ही कादंबरी १९९८ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी! हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली होती. म्हणजे राजकारण चालू असतानाही कादंबरीशी नातं तुटलं नव्हतं.

आता याची दुसरी बाजू. बी. रघुनाथ इथेच, आपल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकले. पुढे निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले आणि जन्मभर कारकुनीच केली. १९५३ साली, उण्यापुऱ्या चाळिशीत, कचेरीतच गेले. तेवढ्या आयुष्यात कविता, कथा आणि सात कादंबऱ्या. एकाच खुर्चीतून त्या माणसाने सारा मराठवाडा पाहिला. तेव्हा चार नोकऱ्या झाल्या म्हणून कादंबरी आपोआप हातात येईल, या भ्रमात राहू नकोस. धंदे किती केलेस हे वाचक विचारत नाही. तिथे तू काय पाहिलंस, ते त्याला हवं असतं.

म्हणून आधी आठव. डॉक्टरच्या दाराबाहेर बॅग घेऊन ताटकळताना औषधकंपन्यांचे एमआर आपसांत काय बोलायचे? हप्ता थकलेला गिऱ्हाईक फोनवर कोणत्या सबबी सांगायचा? तुमच्या हॉटेलात साहेब आला की कोणाचा आवाज बदलतो, आणि टिप वाटताना कोण गप्प बसतो? माणूस पैशाला आणि वरिष्ठाला भितो तेव्हा त्याची भाषा बदलते. तुला ती चार ठिकाणी ऐकायला मिळाली आहे. एकाच ऑफिसात केस पिकवलेल्याला ती इतकी सहज मिळत नाही, त्याला बी. रघुनाथांसारखी नजर असावी लागते. मात्र ज्यांच्यासोबत डबा खाल्लास त्यांची गुपितं नावानिशी छापू नकोस. दोन-तीन माणसांतून एक माणूस घडव.

आणि हॉटेल इतक्यात सोडू नकोस. मराठी कादंबरीच्या मानधनावर घरभाडं निघत नाही, हे तुला कोणी तरी स्पष्ट सांगायलाच हवं. शिफ्ट संपल्यावर तासभर लिही. दमलेला असशील तर अर्धा तास, पण रोज. ‘आधी स्थिरस्थावर होतो, मग लिहितो’ म्हणणारे पुष्कळ पाहिले. ते स्थिर झाले, लिहायचं राहून गेलं. पुढे पाचवी नोकरी धरावी लागली तरी हरकत नाही, वही तीच ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा पहिलं प्रकरण घेऊन ये. मोडकंतोडकं असलं तरी चालेल. इसामिया बाजारच्या ग्रंथसंग्रहालयातून बी. रघुनाथांची एखादी कादंबरी काढून दोघं मिळून वाचू, म्हणजे तुझं कुठे कमी पडतं ते मला सांगावं लागणार नाही.

तुझी,
मावशी