कच्चा टाका

फेविकॉलची बाटली आधी खाली ठेव. सेलोटेपही ड्रॉवरमध्ये परत टाक.

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, आईच्या 'रुचिरा'चा पुठ्ठा निखळलाय, पानं सुटलीत, रविवारी बसून चिकटवून टाकतो." ते 'चिकटवून टाकतो' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फोनवर सांगितलेलं तू निम्मं विसरतोस, म्हणून लिहून पाठवतेय.

वहिनीची ती प्रत मी चांगली ओळखते. अनारशाच्या पानावर तुपाचा डाग आहे आणि समासात तिच्या तिरप्या अक्षरात 'गूळ पाव वाटी कमी' असं लिहिलंय. कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक १९७० पासून घराघरांत आहे, नवी प्रत दुकानात मिळेल. ही नाही मिळणार.

मला हे मामंजींनी शिकवलं. ते पुण्यातल्या एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की ओटीवर बसून आळीतल्या लोकांच्या पोथ्या नि शाळेची पुस्तकं दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं एकच. पुस्तकाला कच्चा टाका घालायचा. शिंपी पक्की शिवण मारण्याआधी धावदोरा घालतो ना, उसवता येणारा, तसा. पुस्तकाला पक्की शिवण मारायचीच नाही. आज आपण केलेलं उद्या दुसऱ्या कुणाला, आपल्यापेक्षा शहाण्या माणसाला, न फाडता काढता आलं पाहिजे.

सेलोटेप नेमकी तिथेच दगा देते. लावताना पारदर्शक, नीटनेटकी. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, वरचं प्लॅस्टिक सुटून पडतं आणि मागे तपकिरी पट्टा राहतो. तो पाण्याने जात नाही. माझ्या शाळेतल्या नकाशांच्या पुस्तकात कोकणच्या किनाऱ्यावरून असा एक पट्टा गेलाय. मीच लावली होती ती टेप, मोठ्या अभिमानाने. मालवण त्याखाली कायमचं बुडालं. फेविकॉलचं वेगळं. ते सुकलं की पुन्हा पाण्याने विरघळत नाही. खळीवर मात्र ओला बोळा दहा मिनिटं ठेवलास की ती मऊ होते आणि जोड अलगद सुटतो.

तेव्हा आधी खळ.

मोठ्या संग्रहालयांत कागद दुरुस्त करणारी माणसं गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. गव्हाचं स्टार्च म्हणजे आपला कुरडयांचा चीक, दुसरं काही नाही. सासूबाई फाल्गुनात गहू भिजत घालायच्या. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग वाटून, फडक्यातून पिळून, चोथा बाजूला काढून ते दुधासारखं पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र चीक घट्ट बसलेला असतो. त्यात मीठ-हिंग पडायच्या आत मामंजी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "गेल्या एका घाण्याच्या कुरडया," असं सासूबाई दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी वाटी भरून द्यायच्या.

त्या वाटीतला चीक मामंजी आणखी दोन-तीनदा धुवायचे. स्वच्छ पाणी घालून ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी टाकून द्यायचं. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत. आंबट म्हणजे आम्ल, आणि कागद त्यानेच मरतो. मग तो चीक फडक्यावर पसरून कडकडीत वाळवायचा आणि बरणीत भरायचा. वर्षभर पुरतो.

लागेल तेव्हा एक चमचा चीक, पाच चमचे पाणी. अर्धा तास भिजू दे. मंद आचेवर ठेवून सतत ढवळ. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समज. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की लोक गॅस बंद करतात. तू करू नकोस. आणखी दहा-पंधरा मिनिटं शिजव, नाहीतर चिकटपणा कच्चा राहतो. पूर्ण गार झाली की चहाच्या गाळण्यातून बोटाने दाबून काढ, थोडं थोडं पाणी घालून बासुंदीइतकी कर. फ्रिजमध्ये चार दिवस टिकेल. वास बदलला की फेकून दे, वाचवत बसू नकोस.

चीक नसेल तर मैदा चालतो, पण त्याची खळ जरा मळकट आणि चिवट होते.

एक जपायचं. कुणी सांगेल खळीत मोरचूद घाल, म्हणजे कसर लागत नाही. कुणी सांगेल तुरटी घाल, म्हणजे नासत नाही. बाइंडर घालतात. मामंजीही छापखान्यात रजिस्टरांना घालायचे, घरच्या पुस्तकांना कधी नाही. मोरचुदातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो आणि तुरटी आम्लाची. गिरणीत कागद करतानाच शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी घालायची पद्धत शंभरावर वर्षं चालली. तुझ्या आजोबांच्या कादंबऱ्या पापडासारख्या मोडतात त्याचं निम्मं कारण ते, आणि उरलेलं निम्मं लाकडाचा स्वस्त लगदा. पेशवे दफ्तरातला जुन्नरी हातकागद त्याहून कितीतरी जुना, पण अजून घडी सोसतो. आधीच तुरटी प्यायलेल्या कागदाला आपण आणखी कशाला पाजायची?

आता पुस्तक हातात घे. लगेच दुरुस्तीला लागू नकोस, आधी नुसतं बघ. सुटलेली पानं क्रमाने लाव, कुठलं हरवलंय ते लिहून ठेव. दाढीच्या जुन्या मऊ ब्रशने धूळ झाड, कण्याकडून बाहेरच्या बाजूला. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा एकदा इकडे, एकदा तिकडे दुमड. तेवढ्यानेच तो तुटून हातात आला तर कागद ठिसूळ झालाय. मग शिवणं-चिकटवणं विसर, त्या पुस्तकाचं काय करायचं ते खाली सांगते. आणि जिथे हाताने लिहिलंय तिथे एखाद्या टिंबावर कानकाडीचं ओलं टोक टेकवून बघ. छापलेली शाई तेलातली असते, ती हलत नाही. वहिनीची फाउंटन पेनची शाई मात्र पसरेल. तिच्या अक्षराच्या बोटभर अंतरातही खळ जाऊ देऊ नकोस.

फाटलेलं पान आधी नीट निरखून बघ. फाटलेली कड कधी सरळ नसते, तिरपी उतरती असते. एका बाजूला पांढरा ओठ दिसतो. कुठला ओठ वर आणि कुठला खाली ते आधी कोरडंच जुळवून पाहा. चुकीचा वर आला तर अक्षरं तुटलेली दिसतात. नुसत्या त्या ओठांना खळ लावूनही लहान फाट बसते. मोठी असेल तर वरून पट्टी हवी. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत जपानी टिश्यू मिळतो, एका जातीच्या तुतीच्या सालीचा. इतका पातळ की खालची अक्षरं वाचता येतात. तो कात्रीने कापायचा नाही. पाण्यात बुडवलेल्या बारीक कुंचल्याने त्यावर रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणायचं. कागद रेघेवर सुटतो आणि कडेला वातीच्या टोकासारखे तंतू मोकळे होतात. ते तंतूच पानाला धरतात. कापलेल्या सरळ कडेवर पान पुढे पुन्हा दुमडतं आणि तिथेच फाटतं. पट्टी अर्ध्या सेंटीमीटरहून फार रुंद नको.

पट्टीला खळ लाव, फाटीवर ठेव, बोटाने न घासता नुसती टेकव. वर-खाली बटर पेपर, त्याच्या बाहेर टिपकागद, मग पोळपाट आणि पोळपाटावर वरवंटा. मामंजींकडे छापखान्यातला शिकंजा कुठला असायला! पंधरा मिनिटांनी ओला टिपकागद काढून कोरडा घाल, मग रात्रभर हात लावू नकोस. घाईने इस्त्री फिरवलीस तर पान लाटेसारखं होईल.

कागदालाही लाकडासारखा कल असतो. कोपऱ्याएवढा तुकडा ओला कर. तो ज्या आडव्या नळीत गुंडाळतो, त्या नळीच्या दिशेने कल. कल कण्याला समांतर ठेवायचा. अस्तराचा नवा कागद आडव्या कलाचा लावलास तर पुठ्ठा पहिल्याच पावसाळ्यात धनुष्यासारखा वाकेल.

अस्तरासाठी हातकागद घे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, चिंध्यांपासून कागद करतात.

आता बांधणी. कण्याकडे वरून डोकाव. पानांच्या दुमडलेल्या जुड्या दिसल्या तर पुस्तक जुजबंदीचं, म्हणजे फर्मे एकमेकांना शिवलेले. तिथे जुन्याच भोकांतून जायचं, नवीन भोक पाडायचं नाही. दोरा सुती, जाडसर, मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढलेला. बारीक दोरा ताणला की कागद सुरीसारखा कापतो. एखादंच पान सुटलं असेल तर दोरा नकोच. आतल्या कडेला काडीभर रुंदीची खळ लाव, बाकीचं पान रद्दीच्या कागदाने झाकून. पान जागेवर बसव, पुस्तक मिट, वरवंटा ठेव.

दिवाळी अंकांना पिना असतात आणि आपल्याकडच्या हवेत त्या गंजतात. ओढून काढू नकोस, पान सोबत येतं. आतून बोथट चाकूने पाय उघड, मग मागून उचल, आणि त्याच भोकांतून दोरा घाल.

जुड्या दिसल्याच नाहीत, नुसत्या सुट्या पानांच्या कडा आणि वाळलेला डिंक दिसला, तर तिथे मात्र फेविकॉल. बघ, मी काही त्याची वैरीण नाही! चिकटवलेल्या पुस्तकात सुट्या पानांना शिवायला जागाच नसते. पानं ठोकून सारखी कर, दोन फळ्यांमध्ये धर, कण्याची बाजू एकदा डावीकडे कलती करून पातळ हात दे, मग उजवीकडे कलती करून. म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला केसभर आतपर्यंत गोंद पोचतो. वर धुवट मलमलची पट्टी, कण्याहून दोन्हीकडे दोन बोटं जास्त. त्या बाहेर आलेल्या कडांनी पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्याला खळच लाव.

बाइंडरकडे द्यायचंच ठरवलंस तर एक वाक्य लिहून चिठ्ठी लाव: कटाई करायची नाही. माझ्या आईची ज्ञानेश्वरी मी एका बाइंडरला दिली होती. सुंदर बांधली त्याने, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी मशीनवर कापल्या. आई समासात पेन्सिलीने लिहायची. आता काठाला 'हे अण्णांना वि' एवढंच उरलंय. काय विचारायचं होतं तिला अण्णांना, कुणास ठाऊक. बाइंडरला बोलूनही काय उपयोग, त्याने त्याचं काम चोखच केलं होतं. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

कागद ठिसूळ निघाला तर त्याला बरं करायला जाऊ नकोस. हातकागदात गुंडाळ, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेव आणि वर कापडी बासन. पोथ्या लिहिणारे शेवटी तेल, पाणी आणि सैल बांधणी या तिघांपासून जपायला सांगत, तेव्हा गाठ जरा आवळ. लाल कापड घेतलंस तर आधी दोन-तीनदा धू, रंग सुटतो. हस्तलिखित असेल तर तेही करू नकोस, भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी जाऊन विचार.

भिजलेल्या पुस्तकांचं मागाहून सविस्तर सांगीन. २०२१ च्या जुलैत चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पुरात गेली तेव्हापासून मला पावसात झोप लागत नाही. तूर्त एवढं: उन्हात घालायची नाहीत, पंख्याखाली उभी करायची, अधेमधे टिपकागद. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळ्यांना पुरे पडणार नसशील तर उरलेली पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाक आणि सवडीने एकेक काढ. गुळगुळीत आर्ट पेपरची आधी घे, ती पानं सुकली की वीट होते. कसरीलाही फ्रीझर लागू पडतो. हवाबंद पिशवीत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नकोस, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं. कसर खळ आवडीने खाते हेही लक्षात ठेव, म्हणून खळ थोडी, जोडापुरतीच.

आता आषाढ आहे. या हवेत खळ वाळायची नाही, पोळपाटाखाली नुसती आंबेल. तेव्हा रविवारी काही करू नकोस. 'रुचिरा' धुवट फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव, भिंतीला न टेकवता. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की ये, माझ्या बरणीत अजून चीक आहे.

तुपाचा डाग तसाच राहू दे. आणि गूळ खरंच पाव वाटी कमी घाल, वहिनीचं बरोबर होतं.