मासळी खाण्यातील धोके व त्यांचे निवारण

मासळी हे पौष्टिक व पचावयास हलके अन्न होय. तिच्यातील प्रथिने उच्च प्रतीची असून तारली, बांगडा यांसारख्या तेलकट माशांपासून हृदयास हितकारक अशी स्निग्ध द्रव्ये मिळतात. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान मासळीतून कॅल्शियमही मिळते. असे असताही मासळीपासून विषबाधा झाल्याच्या घटना घडतात. मासळी नीट शिजविली म्हणजे तिच्यातील सर्व दोष जळून जातात, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे. कोणते दोष चुलीवर जातात व कोणते जात नाहीत, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावयास पाहिजे.

१. उष्णतेने जाणारे दोष

घाण पाण्यातून अगर अस्वच्छ हाताळणीतून मासळीत शिरलेले रोगजंतू, तसेच काही माशांत आढळणाऱ्या कृमींच्या अळ्या, पुरेशा उष्णतेने मरतात. काट्याजवळचे मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागेपर्यंत मासळी शिजवावी. कच्ची मासळी कापलेली विळी साबणाने धुतल्यावाचून तिच्यावर कांदा, कोथिंबीर चिरू नये. कारण ती तशीच ताटात जाते. मासळीचे जंतू तिच्यातून पोटात गेले, तर कालवण कितीही उकळले तरी त्याचा उपयोग होत नाही.

२. बांगड्याची बाधा

बांगडा, तारली, कुपा, गेदर यांसारख्या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचे द्रव्य निसर्गतःच पुष्कळ असते. मेलेला मासा उष्णतेत राहिला, की त्याच्या कल्ल्यांतील व आतड्यांतील जीवाणू मांसात पसरतात आणि या द्रव्यापासून हिस्टॅमिन तयार करतात. किनाऱ्यावरील दुपारच्या उष्म्यात हे काम थोड्या तासांत होते. पुढे ती मासळी गोठविली, खारविली, सुकविली किंवा तळली, तरी तयार झालेले हिस्टॅमिन तसेच राहते. त्यास वास नाही व रंग नाही. त्यामुळे मासा दिसावयास चांगला असूनही बाधक असू शकतो. जेवताना जीभ चुरचुरली किंवा मसाल्यावाचून तोंडाची आग झाली, तर तो मासा बाजूस ठेवावा.

अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. कधी उलट्या व जुलाबही होतात. बहुतेक रोगी एका दिवसात बरे होतात. आपणास बांगडा सोसत नाही असे ज्यांना वाटते, त्यांपैकी काहींना वस्तुतः उन्हात राहिलेला बांगडा बाधलेला असतो. मात्र ताज्या मासळीनेही दर वेळी त्रास होत असल्यास ती ॲलर्जी असू शकते. अशा व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्यावाचून मासळी खाऊ नये.

३. बर्फाचा हिशेब

हिस्टॅमिन काढून टाकण्याचा उपाय घरी नाही. ते तयारच होऊ न देणे हा एकमेव उपाय होय. त्यासाठी मासळी पाण्यातून काढल्याबरोबर थंड करावी व पुढे ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. आपल्या हवामानात १ किलो मासळीस १ किलो बर्फ हे प्रमाण धरावे. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असावा, तो बारीक फोडावा आणि पेटीत बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फाचा थर अशी रचना करावी. वितळलेले पाणी निघून जाण्यास पेटीच्या तळाशी भोक ठेवावे. मासळीवर मूठभर बर्फ टाकून वर ओले गोणपाट झाकल्याने हे काम होत नाही.

ग्राहकाने मासळी बाजाराच्या शेवटी घ्यावी व घरी नेताच साफ करून शिजवावी. ती बर्फावाचून दोन तासांहून अधिक राहू नये; कडक उन्हाळ्यात एका तासाची मर्यादा पाळावी. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा, असा मासा निवडावा. दिवसभर उघडी राहिलेली मासळी सायंकाळी मीठ लावून सुकत घालण्याची रीत घातक आहे. सुकविण्यासाठीही ताजीच मासळी घ्यावी, ती जमिनीपासून उंच मांडवावर वाळवावी, आणि माशा व किडे येऊ नयेत म्हणून तिच्यावर कीटकनाशक कदापि मारू नये.

४. फॉर्मॅलिन

बर्फाचा खर्च वाचविण्यासाठी काही व्यापारी मासळीस फॉर्मॅलिन लावतात. शव टिकविण्यासाठी वापरण्यात येणारे हे द्रव्य असून अन्नात त्याचा वापर करण्यास कायद्याने मनाई आहे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात परराज्यांतून आलेल्या मासळीविषयी असा संशय निर्माण झाला आणि तेथील शासनाने बाहेरील मासळीची आवक काही काळ थांबविली होती. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने तपासणीसाठी सोपी कागदी पट्टी तयार केली आहे. तथापि बोंबलासारख्या काही माशांत साठवणीच्या काळात थोडे फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होते. म्हणून केवळ संशयावरून विक्रेत्यास दोष न देता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करून नमुना तपासून घ्यावा.

५. केंड मासा

डिवचल्यावर चेंडूसारखा फुगणारा, पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला केंड मासा किनाऱ्यावरील जाळ्यांत पुष्कळ वेळा सापडतो. त्याच्या अनेक जातींच्या यकृतात, अंडाशयात व कातडीत प्राणघातक विष असते व ते शिजविल्याने नाहीसे होत नाही. ओठ व जीभ बधिर होणे हे पहिले लक्षण होय. पुढे श्वासाचे स्नायू निकामी होतात. या विषावर उतारा नाही. केंड खाऊ नये, कोंबड्या-कुत्र्यांपुढे टाकू नये, आणि मिश्र मासळी निवडताना लहान केंड काळजीपूर्वक वेगळे काढावेत.

६. मोठ्या माशांतील पारा

जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी उपसागरात सोडले जात होते. तेथील मासळी खाणाऱ्या लोकांत मज्जासंस्थेचा भयंकर रोग उद्भवल्याचे १९५६ साली उघडकीस आले. मातेस फारसा त्रास नसतानाही गर्भातील बालकांस कायमचे अपंगत्व आल्याची उदाहरणे तेथे घडली. लहान मासा मोठ्या माशाच्या पोटी जातो, तसतसा पारा साठत जातो. तो मांसातच असल्याने कातडी काढून किंवा शिजवून कमी होत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांनी मोठ्या जातीची मुशी व तलवार मासा टाळावा. कोकणात बाळंतिणीस मुशी देण्याची चाल आहे. तिच्याऐवजी ताजी तारली, मांदेली किंवा बांगडा द्यावा. मासळी सोडण्याचे कारण नाही.

७. ओढ्यातील मेलेली मासळी

काही ठिकाणी ओढ्याच्या डोहात कीटकनाशक ओतून मासे मारले जातात. अशी मासळी खाणे म्हणजे तेच औषध पोटात घेणे होय. फवारणीनंतर किंवा पंप धुतल्यानंतर ओढ्यात अगर शेततळ्यात तरंगलेले मासे खाऊ अथवा विकू नयेत. ते पाणवठ्यापासून दूर पुरावेत. फवारणीचा पंप व औषधाचे डबे वाहत्या पाण्यात अगर तळ्यात धुऊ नयेत.

८. बाधा झाल्यास

श्वास लागणे, जीभ बधिर होणे, हातपाय लुळे पडणे किंवा कीटकनाशकाचा संशय असणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेली मासळी डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत न्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांपुढे एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एकाच वेळी आणलेले दोन ताजे बांगडे घ्यावेत. एक बर्फात व एक टोपलीत ठेवावा. चार तासांनी दोहोंचे कल्ले, डोळे व मांस सर्वांनी पाहावे. टोपलीतील मासा नंतर पुरून टाकावा. हिस्टॅमिन डोळ्यांना दिसत नसले, तरी बर्फावाचून गेलेल्या चार तासांत मासळीचे काय होते, हे त्यावरून सर्वांच्या ध्यानी येईल.