वालाचा प्रयोग

विरार स्थानक मागे टाकून महामार्गाच्या पूर्वेस निघाले, म्हणजे इमारतींची दाटी हळूहळू विरळ होते, डोंगर जवळ येतात आणि चांदीपकडे जाणारी वाट लागते. भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची उत्तर कोकणातील रीत फार जुनी आहे. त्या वालाशी विज्ञानाच्या संशोधनाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तोच येथे सांगावयाचा आहे.

चांदीपची एक मुलगी माझी विद्यार्थिनी होती. शाळा सोडून ती महाविद्यालयात गेली व विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात असताना एका रविवारी वडिलांसह माझ्या घरी आली. मुंबईस मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख व्हावी, म्हणून २००४ साली तेथे एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. निवडलेले विद्यार्थी सुटीत शिबिरास जातात. त्यांपैकी काहींना पुढे शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष संशोधन करावयास मिळते. तेथे अर्ज करावा, असे तिच्या मनात होते.

“गुरुजी,” वडील म्हणाले, “सुटीत हिने चार शिकवण्या घेतल्या, तर पुढच्या वर्षाची फी निघते. आणि पदवी हाती येण्याआधी कसले आले संशोधन?”

त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. फीचा प्रश्न खराच होता. मी मुलीकडे पाहिले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, पुस्तकात आहे तेवढेच मला येते. तिथे जाऊन मी काय करणार?”

तेव्हा मी तिला कमला भागवत यांची हकीकत सांगितली. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांनी १९३३ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. थोर माणसांच्याही दृष्टीला कधी कधी असे आंधळे कोपरे असतात! कमलाबाई परत फिरल्या नाहीत. नकाराचे कारण विचारीत त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे राहील, काम समाधानकारक ठरले तरच पुढे नियमित प्रवेश मिळेल, आणि त्यांच्यामुळे इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलला. तथापि वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि त्या संस्थेची दारे पुढे इतर मुलींनाही उघडली गेली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या प्रसिद्धीस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी निरेचा व आपल्या रोजच्या कडधान्यांचा अभ्यास केला.

“पण सर, त्या पदवीधर होत्या,” मुलगी म्हणाली. “मी तर पहिल्याच वर्षाला आहे.”

शंका रास्त होती. मी तिला विचारले, “तुझ्या घरी वाल कच्चे खातात का?”

“नाही. आजी भिजवते, मोड आणते, सोलते आणि मग शिजवते.”

“का बरे?”

तिला उत्तर देता येईना. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत या द्रव्याला अडविणारे पदार्थ असतात आणि कमलाबाईंनी ज्या विषयांवर काम केले, त्यांत तोही एक होता. “हे तू स्वतः पडताळून पाहा,” मी म्हटले.

महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या अनुमतीने तिने दुधाच्या भुकटीचा पातळ द्राव केला व तीन परीक्षानळ्यांत भरला. ट्रिप्सिन घातले, की दुधातील प्रथिन विरघळून पांढरा द्राव नितळ होतो. एका नळीत नुसते ट्रिप्सिन, दुसरीत त्यासह कच्च्या वालाचा गाळलेला अर्क आणि तिसरीत बराच वेळ उकळलेला अर्क. तिन्ही नळ्या तिने कोमट पाण्यात ठेवल्या. अर्ध्या तासाने पाहते तो तिन्ही पांढऱ्याच! ट्रिप्सिनचे पाणी तिने आदल्या दिवशी करून ठेवले होते. ते तसेच राहिले, की स्वतःलाच पचवून निकामी होते, हे तिला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेस ताजे ट्रिप्सिन घेतले. पहिली नळी नितळ झाली, दुसरी पांढरीच राहिली. ती हर्षाने प्राध्यापिकांकडे धावली. त्यांनी शांतपणे विचारले, “पहिल्या नळीत अर्काइतकेच साधे पाणी घातले होतेस का? नसेल, तर दुसरीतील ट्रिप्सिन नुसते पातळ झाल्याने मंदावले नाही कशावरून?” पाणी घातले नव्हते. तिसऱ्या खेपेस तेही घातले. पहिली नळी नितळ, दुसरी पांढरी. तिसरी मात्र बरीच निवळूनही किंचित धुरकट राहिली. उकळल्यानंतरही वालात थोडे काही उरते काय, असा प्रश्न तिने वहीत लिहून ठेवला.

ती वही घेऊन दोघे पुन्हा माझ्याकडे आले. वडिलांनी पाने उलटली. पहिल्या दोन पानांवरील फसलेल्या प्रयोगांची नोंद पाहून त्यांनी विचारले, “एवढे चुकलेले खोडले का नाहीस?”

“बाबा, ते खोडायचे नसते. तारीख घालून तसेच ठेवायचे असते.”

ते बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “गुरुजी, शिबिर किती दिवसांचे असते?” शिकवण्या परतल्यावर घेता येतील, असे त्यांनी स्वतःच ठरविले.

मे महिन्यातील एका पहाटे ते तिला विरार स्थानकावर पोचवावयास आले. दादरला गाडी बदलून कुर्ला, आणि कुर्ल्याहून हार्बर मार्गाने मानखुर्द, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. तिच्या पिशवीत ती वही होती आणि फडक्यात बांधलेले मूठभर वाल.